मीटरवरचे आठ वॅट

रविवारी दुपारी मरोळच्या आपल्या घरात मेल्विन एक गोष्ट तपासत होता, घरातल्या वस्तू बंद असतानाही किती वीज खातात ती. भिंतीच्या सॉकेटमध्ये छोटं मीटर लावायचं आणि त्यात एकेक प्लग घालायचा. टीव्ही झाला, वायफाय झालं. शेवटचा प्लग काढला, तरी मीटरवर आठ वॅट दिसतच राहिले.

"बिघडलं असेल रे," सोफ्यावर बसलेली त्याची बायको पर्ल म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. आकडा शून्यावर आला. ती परत येऊन बसली, तसे पुन्हा आठ.

मेल्विनने तिला काहीबाही सांगून परत आत पाठवलं. पुन्हा तेच झालं.

"पुरे आता, दमले मी," म्हणत पर्ल सोफ्यावर आडवी झाली. आकडा सातवर आला, मग सहावर. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"पर्ल, ऊठ. बाहेर चल."

ती हलली नाही. त्याने तिला उचलायचा प्रयत्न केला, पण एरवी हलकी असलेली पर्ल जागची हलेना. मीटरवर तीन.

तो सॉकेटच्या बटणाकडे धावला आणि थबकला. बंद केलं तर ती सुटेल, की संपेल?

"बटणाला हात नको लावूस," डोळे न उघडता पर्ल म्हणाली. तो तर काही बोललाच नव्हता.

आकडा एकवर आला.