तिसरा आमचा

"तिसरा आमचा," पुंडलिकने टीव्हीकडे बोट केलं. "पुढून मोजा. पायलट, मग दुसरा, मग आमचा प्रज्वल."

टीव्हीवर जर्मनीतला बर्फ होता आणि बॉबस्लेच्या एका लांबोड्या गाडीला धरून चार माणसं वाकली होती. चौघांची हेल्मेटं सारखी, अंगाला चिकटलेले कपडेही सारखे.

"हेल्मेटात सगळे जुळे भाऊच दिसतायत," शेजारचे जयप्रकाश सोफ्यात रेलून म्हणाले. "तुम्ही कसं ओळखलंत, पुंडलिकराव?"

"खांदा बघा. लहानपणी पाण्याची कळशी नेतानाही तो डावा खांदा असाच पाडायचा."

पुंडलिकची बायको प्रेमा हॉस्पिटलची रात्रपाळी करून सकाळी आखातातल्या महबूलाच्या या फ्लॅटवर आली होती. तेव्हापासून पाठ टेकलेली नव्हती आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरत होतं. पण जागरण हे त्याचं खरं कारण नव्हतंच. परवा प्रज्वलचा मेसेज आला होता. ‘आई, मला टीममधून काढलं. माझ्यापेक्षा जड माणूस घेतला. मी नुसता बघायला थांबतोय. बाबांना सांगू नकोस.’ तिने लगेच फोन लावला, तो त्याने उचलला नाही. थंडीने आवाज बसलाय, मेसेजच कर, असं लिहून पाठवलं.

म्हणजे तो तिसरा कुणा दुसरीचा मुलगा होता.

चौघं गाडी ढकलत धावले, टपाटप आत बसले आणि गाडी बर्फाच्या पन्हाळीतून सुटली. मिनिटभराचा खेळ, पण पुंडलिक श्वास धरून बसला होता. दोन वर्षांपूर्वी याच सोफ्यावर त्याने पोराला बजावलं होतं, "जागतिक स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत पोचलात, तर मी नोकरीचं नाव काढणार नाही. नाहीतर गुमान माझ्याबरोबर मीना अब्दुल्लाला यायचं, रिफायनरीत." पुंडलिकचा शब्द म्हणजे शब्द. पोराला टीममधून काढलंय हे कळलं असतं, तर त्याने आजच साहेबाकडे अर्ज टाकला असता.

गाडी खाली पोचली. एकोणिसावा नंबर.

"मग झालं की," जयप्रकाश म्हणाले.

"नाही पप्पा, वेट," त्यांची नेहा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली. "तीन रनचं टोटल धरतात. ओन्ली टॉप ट्वेंटी फोर्थ रनला जातात. अजून चार गाड्या बाकी आहेत."

"हिला सगळं येतं, फक्त गणिताच्या पेपरात येत नाही," जयप्रकाश म्हणाले.

"पप्पा, प्लीज."

पुढची गाडी आली आणि भारताला मागे टाकून गेली. विसावा. आता आणखी घसरायला जागाच उरली नव्हती. प्रेमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. त्यानंतरची गाडी वळणावर घासली आणि मागे पडली. तिसरी तर आडवी होऊन, ठिणग्या उडवत खाली आली.

"माणसं बरी आहेत ना रे?" पुंडलिक एकदम उठून उभा राहिला. चौघं बाहेर येऊन चालायला लागले तेव्हाच तो बसला. चेहऱ्यावरचा घाम त्याने बाहीने पुसला.

"अहो, एसी वाढवू का?" प्रेमाने विचारलं.

"नको. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, त्यानं होतंय. रिफायनरीत दुरुस्तीचा शटडाऊन चाललाय ना."

शेवटची गाडी अगदी थोडक्यात मागे राहिली. भारत विसावा.

जयप्रकाशांनी टाळ्या वाजवल्या, पुंडलिकच्या पाठीत धपाटा घातला. "काढा पेढे. आमच्या सोसायटीचा पोरगा जगात विसावा."

"अंकल, फुल लिस्ट आली," नेहा म्हणाली. "टीव्हीवर फक्त पायलटचं नाव असतं. यात चौघांची असतात. वेट, ओपन करते, प्रज्वलदादाचा स्क्रीनशॉट काढू."

"नेहा, आधी चहाचे कप उचल गं," प्रेमा घाईघाईने म्हणाली. नेहा काही हलेना.

"ठेव गो पोरी तो फोन," पुंडलिक म्हणाला. "बापाला लेकाचं नाव वाचून बघावं लागतं होय? चल, खाली बकाल्याच्या दुकानातून सगळ्यांना आइस्क्रीम आण." त्याने खिशातून दिनार काढून तिच्या हातावर ठेवला. मग जयप्रकाशांकडे वळला. "तुमच्यासमोर सांगतो, जयप्रकाश. मी हरलो. त्याने बर्फावर गाडी चालवावी नाहीतर घरी बसावं, त्याची मर्जी. रिफायनरीचं नाव मी परत काढणार नाही."

प्रेमाने चहाचे कप स्वतःच गोळा केले. पोराची सुटका झाली होती, आणि तीही दुसऱ्याच कुणाच्या जिवावर. नवरा इतका भोळेपणाने खूश होता, की त्याच्या तोंडाकडे बघवेना. आयुष्यात त्याच्यापासून एवढी मोठी गोष्ट तिने कधी लपवली नव्हती.

आइस्क्रीम खाऊन शेजारी गेले. चौथी फेरी तासाभराने होती, पण कंपनीची बस थांबणार नव्हती. पुंडलिक कामाच्या दिवसांत मीना अब्दुल्लालाच कंपनीच्या खोलीत राहायचा. तो दाराशी बसून बूट घालू लागला. प्रेमा डब्यात कोलंबीचं सुकं भरू लागली.

"ते राहू दे," तो म्हणाला. "मऊ भात कालव, ताक घाल. दोघांपुरता दे."

"दोघं कोण?"

पुंडलिकने नाडी बांधताना मान वर केली नाही. "तिखट झोंबतं गो त्याला. सरावात गाडी उलटली, माझ्या खोलीवर येऊन पडलाय. प्रज्वलच्या ओठाचे टाके अजून ओले आहेत."