खिशातली डबी

आमच्या शिवणकामाच्या दुकानात कोटाला बटणं लावता लावता माझी मुलगी हसली आणि माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तसं हसण्यासारखंच होतं. एका गिऱ्हाइकाने कंबरेचं माप कॉलेजातलं सांगितलं होतं, आणि ती त्याची नक्कल करत होती. पण मागच्या खेपेलाही सुरुवात हसण्यापासूनच झाली होती. मग झोप उडाली, बोलणं धावत सुटलं, आणि लोकांच्या कोटांची कापडं जोडून तिने दुकानभर पडदे शिवले. वर विचारलं, "बाबा, कसे झालेत?" नंतर कित्येक आठवडे ती अंथरुणातून उठेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर, आणि बजावलं, "गोळ्या चुकवू नका. लक्ष असू द्या, पण पाळत नको." दुसऱ्याच दिवशी मी तिच्या मशीनमधली बॉबिनची डबी काढून खिशात टाकली. डबीशिवाय मशीन चालत नाही. तेव्हापासून ती माझ्या खिशातच आहे. आज तिचे डोळे फारच चमकत होते. "झोप झाली का गं?"

तिने सुई थांबवली. "झाली. गोळीही घेतली. आणि डबी तुमच्या खिशात आहे, तेही माहीत आहे. द्या इकडे." मी दिली, नजर न हटवता. तिने ती मशीनला बसवून एक टीप मारली आणि डबी काढून पुन्हा माझ्या हातावर ठेवली. "तुम्हीच ठेवा. झोप लागेनाशी झाली की मीच सांगेन. पण मी हसले की छातीला हात लावू नका हो बाबा, गिऱ्हाइकांना वाटतं तुम्हाला अटॅक आलाय." आणि ती पुन्हा हसली. माझा हात निघालाच होता. तो गळ्यातल्या टेपपाशी थांबला.