घुमटाखालचा ध्रुव

तारांगणाच्या घुमटाखाली चाललेलं निवेदन मध्येच खरखरलं आणि बंद पडलं. वर तारे चमकत होते, खाली अंधारात पन्नास मुलं चुळबुळायला लागली. ध्वनिफीत बिघडली होती आणि नेमके व्याख्याते रजेवर होते.

"चला, खेळ संपला. रांगेनं बाहेर," व्यवस्थापक म्हणाले.

मुलं चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून आली होती. दाराशी उभ्या असलेल्या सफाईवाल्या मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं, रोज तीन खेळ, त्यांनी झाडू हातात धरून ऐकले होते.

"बसा रे पोरांनो!" त्या पुढे झाल्या. "ते सात तारे दिसले? चौघांचा पतंग, तिघांची शेपटी. हे सप्तर्षी."

"मावशी, तुमचं काम झाडायचं," व्यवस्थापकांनी दटावलं.

"झाडून झालंय, साहेब."

त्यांनी झाडूचा दांडा वर रोखला. "शेपटीपासून लांबचे हे दोन तारे. त्यांना जोडून रेघ अशी पुढे न्या. दोघांमधल्या अंतराच्या पाचपट. तिथे एकटा बसलाय, तो ध्रुव. तो सगळ्यांत तेजस्वी असं कुणी सांगितलं, तर खुशाल म्हणा, थापा मारू नका! दिसायला साधाच, पण जागा सोडत नाही."

"आणि सप्तर्षी मावळले असतील तर?" एका मुलानं विचारलं.

"तर ध्रुवाच्या पलीकडची शर्मिष्ठा शोधायची. पाच तारे, इंग्रजी एमसारखे. तिच्यावरूनही सापडतो."

पन्नास बोटं वर गेली. दिवे लागले तरी कुणी उठेना.

"मावशी, तुमच्या घरून दिसतो का हो ध्रुव?" पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली.

मावशींनी झाडू खाली टेकवला. म्हणाल्या, "नाही गं. खोलीच्या उत्तरेला सहामजली इमारत आहे. खरा ध्रुव मी अजून एकदाही पाहिला नाही."

व्यवस्थापक फिसकन हसले. "घ्या! स्वतः पाहिला नाही आणि निघाल्या शिकवायला. उद्या सकाळी लेखी माफी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहा."

मावशींचे कान तापले. पण मान खाली गेली नाही.

"उद्या मी येत नाही, साहेब. नऊ वर्षांतली पहिली रजा घेतेय, शहराबाहेर जायला. अर्ज आत्ताच देते. कारण लिहिते, ध्रुव बघायचाय."