खुब्याची खोबण

सुई घसरली आणि खुब्याच्या हाडातल्या खोबणीमागचा कागदासारखा पडदा भुगा होऊन खाली पडला. भाचीनं सवयीनं फुंकर मारली. भुगा उडून गेल्यावर तिला कळलं, आपण काय केलं ते. चिकटवायलाही काही उरलं नव्हतं.

मावशीला सांगायला ती उठणार, तोच मावशीच हात पुसत प्रयोगशाळेत आली. हे दगड झालेलं जनावर मावशीनं शोधलेलं. डायनोसॉर पृथ्वीवर नुकते कुठे येत होते, त्या काळातलं. हाती लागलेलं म्हणजे नडगीचा तुकडा, दोन मणके आणि हे अर्धं खुब्याचं हाड. खोबण आरपार निघाली तर डायनोसॉर, मागे पडदा निघाला तर नुसता त्याचा नातेवाईक. सगळं घोडं तिथेच अडलं होतं, कारण आजवर खोबण दगडानं भरलेली होती.

मावशीनं हाड दिव्यासमोर धरलं. भोकातून उजेड तिच्या गालावर पडला. ती मटकन स्टुलावर बसली.

“जन्म गेला माझा चुलत्या-पुतण्यांची सरबराई करण्यात,” ती म्हणाली. “शेवटी खुद्द धनी आला गं दारात.”

भाचीला तोंड उघडू न देता तिनं घरी काकांना फोन लावला. निवृत्तीच्या तोंडावर देव पावला, असं काहीबाही सांगत राहिली. सांगता सांगता करंगळी भोकात घालून हाड अलगद फिरवत होती.

मावशीनं फोन ठेवल्यावर भाची म्हणाली, “मावशी, ते भोक माझ्या सुईनं पडलंय.”

मावशीनं करंगळी काढून घेतली. रागावली नाही. भुगा कुठाय, एवढंच विचारलं. फुंकरीनं उडाला, भाचीनं सांगितलं.

“पण पडदा होता ना?”

“होता. मी पाहिला.”

“मग चुलताच,” मावशी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. मावशीनं हाड कापसावर ठेवलं आणि तू घे, अशी मान हलवली.

पलीकडे काका कुजबुजत होते. “कोण, तू का? बरं झालं. तिला कळू देऊ नकोस. सगळ्यांना जेवायला बोलावलंय. दगड उपसते म्हणून आयुष्यभर हसलो तिला. आज चारचौघांत माफी मागायचीय मला.”

“काय म्हणतायत?” मावशीनं विचारलं.

भाचीनं फोन छातीशी दाबून धरला.

“लवकर या म्हणतायत.”