जागचं हलायचं नाही

आठवडाभर शिलाई मशीनवर बसणारे टेलरकाका रविवारी हौसेनं स्काउटची पोरं सांभाळायचे. आज डोंगरावर धुकं उतरलं आणि मागं वळून बघतात तर एकही पोर नाही! काकांची स्वतःची लेकही त्यातच होती. आता आईबापांना काय तोंड दाखवायचं? शिट्टी फुंकत, ठेचकाळत ते वाट फुटेल तिकडं धावत सुटले.

तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला. गणवेशात त्यांना कायम 'सर' म्हणणारी ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "बाबा, थांबा! आम्ही सगळे पायवाटेवरच आहोत. हरवलेल्यानं जागचं हलायचं नाही, तुम्हीच शिकवलंय ना?"

काकांनी उचललेलं पाऊल मागं घेतलं. बुटाखालचा एक दगड निसटला. तो खाली पडल्याचा आवाज कितीतरी वेळानं आला.