वेशीच्या बाहेर

चावडीपुढचा मांडव भरला, तरी मच्छिंद्रचा म्हातारा बाप डमरूसारखा डौर मांडीवर घेऊन वेशीबाहेरच बसून होता. गावाच्या त्या जुन्या वेशीच्या डागडुजीला मदत म्हणून आज त्यांच्याच घराण्याची गाणी ठेवली होती.

"आबा, आत चला की. लोक खोळंबलेत," मच्छिंद्र म्हणाला.

"दिवस मावळल्यावर आपल्यासारख्या भटक्यांना आत थारा नव्हता. तुझी आजी बाळंतपणात इथंच पालात मेली. सुईण आत होती. माझा बा रातभर वेशीचं दार बडवत राहिला."

हे मच्छिंद्रनं कधी ऐकलं नव्हतं. हातातलं तुणतुणं त्यानं खाली ठेवलं. "मग या वेशीसाठी गायचंच कशाला?"

"उद्या ही पडली, तर ते दार तुझ्या पोरांना कुठून दाखवशील?"

मच्छिंद्रनं घोंगडं तिथंच अंथरलं आणि तुणतुणं उचललं. डौर घुमला, तशी मांडवातली माणसं उठून वेशीबाहेर येऊ लागली.