पट्ट्यांतलं लेकरू

पोरीला गाडीत चक्क बांधून ठेवलं होतं. ठमाबाईनं काचेला डोळा लावून पुन्हा पाहिलं. मागच्या सीटवर एक वेगळीच खुर्ची आणि तिच्यात दीड-दोन वर्षांचं लेकरू. खांद्यांवरून पट्टे, पायांमधून पट्टा, पोटाशी कुलूप. रडून रडून नाक लाल झालेलं.

सावली गावाच्या पुढं, जंगल लागतं तिथं ठमाबाईची चहाची टपरी. शेजारी इतवारीचं पंक्चरचं दुकान. गाडीचा माणूस इतवारीच्या डोक्यावर उभा राहून घाई करत होता आणि मधूनमधून मागच्या रस्त्याकडं बघत होता.

"इतवारीभाऊ," ठमाबाई हळूच म्हणाली, "पोरीले बांधून ठेवलं हाय. मोबाइलवर येते ना लेकरं पळवणाऱ्याचं? मले तं काही ठीक नाई वाटून राह्यलं."

इतवारीचा पाना हातातच राहिला. बसथांब्यावरची चार माणसं उठून आली. कोणीतरी गाडीपुढं बैलबंडी आडवी लावली, कोणी पोलिसांना फोन करायला मोबाइल काढला.

ठमाबाईला आता दुसरीच धास्ती वाटली. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात असंच एका कापडवाल्याला लोकांनी धरून मारलं होतं. बिचारा निघाला साधा फेरीवाला. पोर चोराच्या हाती गेली तरी पाप, निरपराध माणसाला मार पडला तरी पापच. तीच पुढं झाली.

"सायेब, लेकराले बांधलं काऊन?"

माणूस चिडला नाही. घाम पुसून त्यानं दार उघडलं.

"मावशी, ही लहान मुलांची सीट आहे. जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल थेट पुढच्या काचेवर जातं. आपण कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही. यात बसलेलं मूल जागचं हलत नाही." त्यानं पट्ट्याखाली दोन बोटं घालून दाखवली. "एवढाच सैल ठेवायचा. आणि ही खुर्ची हलवून बघा."

इतवारीनं हलवली. खुर्ची तसूभरही सरकली नाही, फक्त कडेला चिकटलेला प्लास्टिकचा कागद सळसळला.

"मंग रडते काऊन?"

"पट्टे नको असतात. जन्मापासून यातच बसते, तरी रोजचंच."

ठमाबाईनं खुर्ची नीट न्याहाळली. ना दुधाचा डाग, ना खाऊचा कण. तिच्या नातवानं एका दिवसात तिचा उकिरडा केला असता. शहरातली माणसं किती टापटीप राहतात, असं वाटून ती ओशाळली. तिची स्वतःची लेक तीन लेकरं मोटरसायकलवर कोंबून बाजाराला येते, आणि आपण या काळजी घेणाऱ्या बापाला चोर ठरवायला निघालो.

"फोन नका लावू," ती म्हणाली. "बंडी सरकवा. खरं बोलून राह्यला माणूस."

लोक एकमेकांकडं बघून हसले. बंडी हटली, चाक बसलं. ठमाबाईनं चहाच्या पातेल्याची काजळी बोटावर घेऊन पोरीच्या गालाला तीट लावली. तशी पोरीनं दोन्ही हात तिच्याकडं पसरले आणि तिचा पदर मुठीत धरला. लाघवी लेकरू, म्हणत ठमाबाईनं तो हलकेच सोडवला.

"हळू जाजा सायेब. रोही-हरणं आडवे येतात. लेकरू हाय गाडीत."

"हो मावशी," म्हणत त्यानं गाडी जंगलाच्या रस्त्याला घातली. ठमाबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. आज आपल्यामुळं एक भला माणूस वाचला, या समाधानात तिनं चहाला आधण ठेवलं.

आधण उकळायच्या आत दुसरी गाडी करकचून थांबली. एक बाई अनवाणीच उतरून धावत आली. तिनं मोबाइलवरचा फोटो पुढं धरला.

ठमाबाईनं फोटो पाहिलाच नाही. तिची नजर बाईच्या मागं, गाडीच्या उघड्या दारातून आत गेली होती. मागच्या सीटवर तसलीच खुर्ची होती, मळक्या पट्ट्यांची, बिस्किटाच्या चुऱ्यानं भरलेली आणि रिकामी.